तीन दिवस जुनी बातमी

पप्पा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. तुम्ही दरवर्षी जायचात त्या, पवनारच्या रस्त्यावरच्या शाळेत येत्या रविवारी सकाळी सर्वधर्म प्रार्थनेची सभा आहे.

२. तुम्ही गेल्यापासून आपली यहुदी प्रार्थना तिथल्या मोठ्या बाई वाचतात. तुम्ही देवनागरीत लिहून दिलेला कागद त्यांनी जपून ठेवला आहे. बाई आता निवृत्त झाल्या, पण सभा अजून त्याच भरवतात.

३. समितीतल्या एकाने सुचवलं की या वर्षी ती प्रार्थना पत्रिकेत छापू नये. कारण: सध्याचे दिवस. बाईंनी मला फोन केला. आपल्यापैकी कुणी स्वतः उभं राहून प्रार्थना म्हटली आणि पाच मिनिटं बोललं, तरच त्यांना ती राखता येईल.

४. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही लोक नक्की कोण?" मी उत्तर दिलं नाही.

५. काल, रविवारी, मी सिंदीला जाऊन काकांकडून तुमच्या शुक्रवारच्या कागदांचं गाठोडं आणलं.

६. तिथेच कळलं की तुमच्या नावाचा दिवा मी दहा वर्षं चुकीच्या संध्याकाळी लावत आले आहे.

७. पत्रिका शुक्रवारी छापायला जाते. बाईंना गुरुवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे.

हे मी दवाखान्यातल्या तपासणी अहवालांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. तुम्ही रेल्वेच्या जुन्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहायचात, ती सवय माझ्यात कधी आली ते मला सांगता येणार नाही. मी नालवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते आणि दवाखान्यातली यंत्रं तपासते: रक्तदाबाची, ऑक्सिजनची, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्यांची. यंत्र जे दाखवतं आणि जे खरं असतं, त्यातला फरक मोजायचा आणि कागदावर लिहायचा, एवढंच माझं काम. ते मला चांगलं येतं. दुसरं काही येत असेल असं मला या महिन्यापर्यंत वाटलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तुम्हाला रब्बी हे नाव सिंदीच्या स्टेशन मास्तरांनी दिलं. आपल्यात रब्बी, म्हणजे शिकलेले धर्मगुरू, नव्हतेच. कोकणातून निघालेलं आपलं एक घर, तुमच्या आजोबांच्या नोकरीने रुळांवरून इकडे आलेलं, आणि सगळ्या जिल्ह्यात आपलं म्हणावं असं दुसरं घर नाही. तुम्ही सिग्नल दुरुस्त करायचात. पण दर शुक्रवारी क्वार्टरमध्ये दिवे लागले, आईने भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात आलं, की तुम्ही चष्मा लावून एक कागद वाचायचात. त्या आठवड्याचा तोराचा, म्हणजे मोशेच्या ग्रंथाचा, भाग आणि त्या आठवड्याचं वर्तमानपत्र, दोन्हीवर मिळून एक पान. श्रोते चार: आई, दादा, मी, आणि शेजारच्या वावराचे मालक काका. काकांच्या सात पिढ्या सिंदीत शेती करत आल्या होत्या आणि ते आपल्याकडे सरबतासाठी येतात, असं ते स्वतःच सांगायचे. स्टेशन मास्तर एकदा कामासाठी दारात आले, तुमचं वाचणं संपेपर्यंत उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशीपासून सगळ्या स्टेशनात तुम्ही रब्बीसाहेब झालात. तुम्ही दोनदा सांगून पाहिलंत की रब्बी म्हणजे शिकून झालेला माणूस, मी नाही. मग सांगणं सोडून दिलंत.

काका आत येतानाच बोलायला लागतात. "काहो रब्बी, या हप्त्यात काय म्हन्ते तुमचा मोशे? पाऊस पाडते का नाई?" तुम्ही म्हणता, "बसा. मोशेला कापसातलं काही कळत नव्हतं." मग तुम्ही कागद उलगडता. तुमचे दोन नियम होते आणि ते मला शाळेच्या प्रतिज्ञेआधी पाठ झाले. पहिला: बातमी निदान तीन दिवस जुनी पाहिजे. दुसरा: तिच्यात आपली स्वतःची एक तरी चूक सापडली पाहिजे, आणि ती सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या नियमावर काकांचा राग होता. "रब्बी, आमच्या घरी शिळी भाकर खातेत, तुमच्या घरी शिळी बातमी वाढता काऊन?" तुम्ही म्हणायचात की ताजी बातमी वाचल्यावर माणूस बोलत नाही, नुसता ओरडतो. तीन दिवस जाऊ द्यावेत. तीन दिवसांनी जे बोलावंसं वाटतं तेवढंच बोलण्यासारखं असतं.

दुसऱ्या नियमाचा एक शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. कुठेतरी दूर, दुसऱ्याच मुलखात गाडीला अपघात झाला होता. त्या आठवड्याच्या भागात खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्या माणसाचा कायदा होता: त्यात दुसऱ्याचा बैल पडला तर जबाबदार कोण. आम्हाला वाटलं, आता तुम्ही त्या दुसऱ्या मुलखातल्या कुणाला तरी जबाबदार धरणार. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सिग्नलची बॅटरी मी न बघता वहीत बघितली म्हणून सही केली. काही झालं नाही. पण खड्डा उघडाच होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली आई एकदम उठली. "बाहेरच्या माणसासमोर हे कशाला सांगायचं?" काकांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, "मी बाहेरचा नाई हो वहिनी. पन रब्बी, उद्या मले नागपूरले जाचं हाय, आता गाडीत बसू का नको ते सांगा." तुम्ही हसलात. आई हसली नाही. तुम्ही शनिवारी सुट्टी मिळावी म्हणून दिवाळीच्या आणि होळीच्या सगळ्या ड्यूट्या स्वतःकडे घ्यायचात, पण त्या आठवड्यात सुट्टी न घेता पहाटे जाऊन सगळ्या बॅटऱ्या तपासून आलात. शब्बाथला, आपल्या विश्रांतीच्या दिवशी, काम केल्याचं आईला वाईट वाटलं, आणि तुम्हालाही वाटलं असणार. त्याबद्दल कागदावर काही नाही. मी शोधलं.

वाचून झालं की तुम्ही आम्हा दोघांना जवळ बोलवायचात, आधी दादाला, मग मला, आणि डोक्यावर हात ठेवून तो तीन ओळींचा आशीर्वाद म्हणायचात. पहिल्या ओळीत तीन शब्द, दुसरीत पाच, तिसरीत सात. मी मोजले होते. तुमच्या हाताला ग्रीस आणि साबण असा दुहेरी वास असायचा, आणि सातवा शब्द झाला तरी हात लगेच उचलला जायचा नाही. तो जास्तीचा वेळ किती होता ते मी मोजलं नाही, आणि आता मोजता येणार नाही. शाळेतल्या सभेसाठी तुम्ही निवडलेली प्रार्थना हीच. म्हणजे पत्रिकेतून जे जाणार आहे ते हे आहे, पप्पा. बाईंना हे माहीत नाही. त्यांना ती यहुदी धर्माची प्रार्थना म्हणून माहीत आहे.

मी दहा वर्षांची असताना शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरला जात होता. कारकुनाने विचारलं, धर्म कोणता. मी सांगितलं. तो म्हणाला, "असा काही नसतो बाळ. ख्रिश्चन लिहू?" माझ्यामागे रांग होती. मी मान हलवली. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही ड्यूटीवरून तसेच आलात, हात काळे, खिशात पाना. कारकुनाला शांतपणे म्हणालात, "जे आहे ते लिहा. जागा कमी पडली तर खाली लिहा." त्याने लिहिलं. घरी येताना रुळाच्या कडेने आपण चाललो, तुम्ही पुढे, मी मागे. फाटकापाशी थांबून तुम्ही म्हणालात, "तू काही बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. पण मान हलवणं हेही बोलणंच असतं." मग फाटक ओलांडलंत. मी मार खाल्ला असता तर विसरले असते.

बाराव्या वाढदिवसाला तुम्ही मला काट्याचा मल्टिमीटर दिलात. आई दोन दिवस धुसफुसत होती: "मुलीला कानातलं द्यायचं सोडून हे काय?" तुम्ही मला बाजूला घेऊन फक्त एक गोष्ट दाखवलीत. मापायच्या आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावायची आणि काटा शून्यावर येतो का ते पाहायचं. येत नसेल तर आधी तो आणायचा, मग दुनियेला हात लावायचा. तो मीटर अजून आहे. दवाखान्यात माझ्याकडे त्याच्या पन्नासपट चांगली यंत्रं आहेत. हा घरी असतो.

सभेला मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा आले तेव्हा तेराची होते. गीतेतलं झालं, कुराणातलं झालं, बायबलमधलं, बुद्धवंदना, मग तुम्ही. तुम्ही आशीर्वाद म्हटलात आणि खाली बसणार तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "साहेब, एक सांगा, तुम्ही इथले की तिथले?" सतरंजीवरची माणसं वळून बघायला लागली. मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही म्हणालात, "मी सिंदीचा. पॅसेंजर थांबते तिथे." सगळा हॉल हसला, विचारणाराही हसला. मग हसू ओसरल्यावर तुम्ही म्हणालात, "तिथे माझी माणसं आहेत. त्यांची काळजी मला आहे. तिथे दुसऱ्यांचीही माणसं आहेत. त्यांची काळजी मला नसली तर मी आत्ता म्हटलेलं सगळं वाया." आणि बसलात. मी तेव्हा तुमच्या शर्टाचं टोक धरलं होतं, तेराव्या वर्षी.

आता तिथली तुमची माणसं म्हणजे आई आणि दादा. दादा आधी तिकडे, यहुद्यांच्या देशात, राहायला गेला, मग तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी आईला घेऊन गेला. त्या देशाच्या दक्षिणेकडच्या एका गावात राहतात. रॉकेटचा इशारा देणारा भोंगा वाजला की भक्कम भिंतींच्या खोलीत जायला एक मिनिटही मिळत नाही, आणि आईचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. ती मला फोनवर सांगते, "आज भोंगा वाजला तेव्हा कुकर गॅसवर होता. बंद करून गेले, मगच गेले." मी म्हणते, कुकर राहू दे. ती म्हणते, "तुझे पप्पा असते तर सगळं सोडून कुकरचा कायदा काढून बसले असते." आणि हसते. दादाचा मोठा मुलगा सैन्यात आहे. दुसऱ्या बाजूला काय चाललं आहे ते मी इथे बसून रोज पाहते, सगळेच पाहतात. कँटीनमध्ये जेवताना कुणाच्या ना कुणाच्या फोनवर ढिगाऱ्यातून काढलेलं एखादं मूल असतं. मी दिवसभर बाळांच्या पेट्यांचं तापमान बघते, पप्पा. अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर मी पेटी बाजूला काढते. तिथे पेट्यांना वीज नाही असं ऐकलं की मला काय होतं हे मी दादाला सांगू शकत नाही, आणि आईच्या गुडघ्यांचं कँटीनमध्ये सांगू शकत नाही. दोन्हीकडे मी अर्धीच बोलते. दोन अर्धे मिळून एक होत नाही, हे मला गणितात नव्हतं शिकवलं.

बाईंचा निरोप मी दोघांना सांगितला. दादा म्हणाला, बोलणार असशील तर आपल्या बाजूने बोल, नाहीतर गप्प बस. आई म्हणाली, "गप्प बस. तिकडे एकटी राहतेस. तुझ्या पप्पांचं बोलणं त्यांच्याबरोबर गेलं." मी बाईंना म्हटलं, मला हिब्रू नीट येत नाही, मला बोलायची सवय नाही. बाई म्हणाल्या, "अगं, हिब्रू इथे कुणाला येतंय? मी इतकी वर्षं वाचते ती काय उच्चार बरोबर म्हणून? पण आता मला विचारतात, ज्यांची आहे ते कुठे आहेत? मी काय सांगू, नालवाडीत आहेत, दार लावून?" त्या रागावल्या नव्हत्या. पण ते वाक्य मी आठ दिवस कामावर घेऊन जाते आणि परत आणते.

म्हणून काल सिंदीला गेले. क्वार्टर सोडताना आईने तुमचे कागद काकांच्या पेटीत ठेवले होते. तिकडे नेण्याचं सामान मोजकंच होतं. काकांनी ऐंशी ओलांडली. ओसरीवर बाजेवर बसले होते. मला ओळखलं, पण आधी ओळखलं नाही असं दाखवलं. "कोन होय? रब्बीची पोरगी? ते तं लहान होती, अशी." हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली. मी म्हटलं, काका, मी बत्तीस वर्षांची आहे. "मंग इतके दिवस काऊन नाई आली? वर्ध्याहून सिंदी काय मुंबई होय?" सुनेने पेटी ओढून आणली. गाठोडं तुमच्या जुन्या निळ्या शर्टात बांधलेलं होतं. त्याला ग्रीसचा वास नव्हता. कापराचा होता.

मी काकांना सभेचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मले त्यातलं काई समजत नाई माय. कोन कोनाचा, कोनाची जमीन. मी माह्या वावराच्या धुऱ्याचं भांडन चाळीस वर्सं मिटवू नाई शकलो. पन रब्बी असता तं आधी आपली चूक सांगतली असती, मंग दुसऱ्याची." मग म्हणाले, "एकदा मात्र तो काईच नाई बोलला." त्यांना तो शुक्रवार आठवत होता. तेव्हाही तिकडे लढाई लागली होती, मी बरीच लहान असेन. "आम्ही बसलो. सरबत झालं. तुह्या बापानं कागद काढला, पाह्यला, घडी केली. मी म्हटलं, काय रब्बी, आज बॅटरी उतरली का? तं तो उठला नं त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. माह्या! मी वयानं मोठा त्याच्याहून. नं ते तुमचं म्हटलं, तुम्हा पोराईले म्हन्ते ते. मी टोपी काढू का राहू देऊ, ते मले समजे नाई." काका ते सांगताना टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते.

तो कागद मी घरी आल्यावर शोधला. एकेक उघडत गेले. नळावरचं भांडण, परीक्षेचा फुटलेला पेपर, कापसाचा भाव, एका शेजाऱ्याने लावलेलं लिंबाचं झाड, सगळ्यात शेवटी तुमची एक छोटी चूक कबूल केलेली. तो सापडला. सिग्नल बिघाडाच्या नोंदीचा फॉर्म आहे. मागे चार ओळी लिहून खोडल्या आहेत, इतक्या गच्च की प्रकाशासमोर धरूनही वाचता येत नाहीत. मी प्रयत्न केला. खाली लिहिलं आहे: "आज बोलणे नाही. बातमी ताजी आहे. फक्त आशीर्वाद." मला वाटलं होतं या गाठोड्यात मला तयार पाच मिनिटं मिळतील आणि मी ती उतरवून घेईन. तुमच्याकडेही ती नव्हती. हे कळल्यावर मला बरं वाटलं की राग आला, ते मी अजून ठरवलेलं नाही. आता बातमी तीन दिवस जुनी होतच नाही, पप्पा. दर तासाला ती पुन्हा ताजी होते. तुमच्या पहिल्या नियमाने चालायचं तर मी जन्मभर गप्प राहीन, आणि ते मला सोयीचं आहे, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही.

आता दिव्याचं. निघताना मी काकांना म्हटलं, बुधवारी पप्पांचा दिवस आहे, संध्याकाळी दिवा लावते. वर्ध्यात आपले दहा पुरुष कधीच नव्हते, त्यामुळे तुमच्यासाठी इथे कादिश, गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही; तिला दहा जण लागतात. मी फक्त दिवा लावते. काका म्हणाले, "मीच होतो तवा त्याच्यापाशी. तुही माय मले म्हणे, भाऊ, चहा मांडा, मी यांचे पाय दाबते. मी चहा घेऊन आलो तं तो गेलता. बाहेर स्टेशनचे दिवे लागले होते. चांगला अंधार होता." मी विचारलं, नक्की अंधार? "अगं, उंबरठा दिसला नाई म्हनून अर्धा चहा सांडला नं माह्या हातून!"

मी तेव्हा नागपूरला होते, शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दाखल्यावर फक्त तारीख आहे. आईने सांगितलं होतं, संध्याकाळी, चहाच्या वेळी. आपल्या घरी चहाची वेळ चार. मी इंग्रजी तारखेवरून आपल्या पंचांगाची तारीख काढून देणाऱ्या संगणकाच्या पानावर तुमची तारीख भरली. तिथे एक चौकोन असतो: 'सूर्यास्तानंतर'. मी त्यात खूण केली नाही. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे तुम्ही मला दर शुक्रवारी, पेल्यात सरबत ओतताना, खिडकीकडे बोट करून शिकवलंत. मी यंत्र तपासणारी बाई, आणि मी आधाराशिवाय एक चौकोन रिकामा सोडला आणि दहा वर्षं त्यावर दिवे लावले. तुम्ही अंधार पडल्यावर गेलात, म्हणजे आपला पुढचा दिवस लागला होता; माझे दिवे दहाही वेळा एक दिवस आधी. तुम्ही ज्या संध्याकाळी गेलात ती बरोबर संध्याकाळ मी दहा वेळा काहीही न करता घालवली आहे. भांडी घासली असतील. टीव्ही पाहिला असेल. खरी संध्याकाळ या वर्षी गुरुवारी येते.

चूक दिव्यापुरती असती तर इथे थांबले असते. पण काल रात्रीपासून मी विचार करते आहे की विचारायला मी काकांकडे अकरा वर्षं का गेले नाही. तासाभराचं अंतर आहे. गेले असते तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. मी गेले नाही, कारण सिंदीत मी रब्बीची पोरगी असते. बसस्टँडपासून काकांच्या घरापर्यंत चार जण तसं म्हणतात. नालवाडीत मी कुणाचीच नसते, आडनाव कोकणातलं वाटतं, नाव काहीही वाटू शकतं, आणि कुणी फार खोलात शिरत नाही. मला ते आवडत आलं आहे. तुमच्यावाचून राहायची मी शोधलेली ती पद्धत होती. तुमचा आवाज कुठे ऐकू येणार नाही अशा जागी राहायचं, आणि वर्षातून एक संध्याकाळ दिवा. तीही चुकीची निघाली. डोक्यावर हात नसल्याचं जे वजन असतं ते मात्र कुठेही गेलं तरी तेवढंच भरतं.

उभी राहिले तर काय बोलू, हे मला या क्षणी माहीत नाही. फक्त तीन ओळी म्हणून बसले तर ते तुमच्यासारखं होईल की पळून गेल्यासारखं, हे मला कळत नाही. तुमचं ते न बोलणं चार ओळी खोडल्यानंतरचं होतं. माझं काहीच न लिहिता आहे. पाच, तीन आणि सात शब्दांच्या ओळी आज स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिल्या. बघा, क्रम चुकला. तीन, पाच आणि सात. तिसऱ्या ओळीत माझा आवाज तुमच्यासारखा खाली येतो, हे मला माहीत नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. गाठोड्यात सगळ्यात वर ठेवीन, आणि शर्टाची गाठ पूर्वीसारखी बांधीन. पण ठेवण्याआधी एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर सगळा अहवाल खोटा ठरतो.

वर क्रमांक चारमध्ये मी लिहिलं आहे की कँटीनमध्ये विचारल्यावर मी उत्तर दिलं नाही. ते बरोबर नाही. त्याचा प्रश्न तिथे संपला नव्हता, पुढचं वाक्य असं होतं: "नावावरून ख्रिश्चन वाटता, ख्रिश्चनच ना?" तो चांगला माणूस आहे, त्याच्या मनात काही नव्हतं. समोर फोन होता, फोनवर ते चाललेलं होतं, टेबलाभोवती पाच जण होते. मी मान हलवली.

तुमच्या दुसऱ्या नियमाला लागते ती चूक मला सापडली आहे, पप्पा. तिच्यापासून सुरुवात करू का, एवढंच विचारायचं आहे. गुरुवारी पाच पस्तीसला सूर्य मावळतो. त्यानंतर मी दिवा लावीन आणि मग बाईंना फोन करीन. कृपया त्याआधी उत्तर कळवा.